पेटीखालचं गवत

आमचे हे हवामानाच्या कचेरीत कामाला आहेत, हे मी नव्या माणसाला आपणहून सांगत नाही. सांगितलं की समोरचा आधी आभाळाकडे बघतो आणि मग माझ्याकडे बघून हसतो. माझं इस्त्रीचं दुकान आहे. दिवसाला पंचवीस-तीस गिऱ्हाइकं येतात आणि त्यातली निम्मी तरी "काय म्हणतायत तुरळक?" असं विचारूनच कपड्यांचं बोचकं खाली ठेवतात. तुरळक हे यांचं पडलेलं नाव. आठवड्याच्या अंदाजात "तुरळक ठिकाणी हलक्या सरींची शक्यता" हे वाक्य कुठे ना कुठे असतंच, त्यावरून. पाऊस पडला तर ते तुरळक ठिकाण आपलं, नाही पडला तर दुसऱ्या कुणाचं. चुकायची भीतीच नाही. हे मी स्वतः त्यांना शंभरदा तोंडावर म्हटलंय, पण दुसऱ्या कुणी म्हटलं की मला झोंबतं.

झोंबतं, कारण माणूस खोटा नाही. कंटाळवाणा आहे, हट्टी आहे, लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी टॉवेल दोरीवर सरळ टाकता येत नाही, पण खोटा नाही. कचेरीच्या मागे कुंपण घातलेलं एक छोटं आवार आहे. तिथे चार पायांवर पांढरी लाकडी पेटी उभी आहे, चारी बाजूंनी फटी असलेली. तिच्यात थर्मामीटर. हे त्या पेटीचं दार उघडतात आणि श्वास रोखून धरतात. तोंडाची वाफ लागून आकडा हलेल म्हणून! वाकून, डोळा बरोबर पाऱ्याच्या रेषेत आणून बघायचं, आकडा लिहायचा, दार लावायचं आणि मग श्वास सोडायचा. एकदा अंगात ताप असताना गेले होते. मी म्हटलं, "तुमचंच माप काढायला हवंय आज." तर म्हणाले, "माझं रजिस्टर नाही."

आणि घरात अंदाज सांगायचा नाही, हा यांचा नियम. शुक्रवारी दुपारी बारा वाजता पुढच्या आठवड्याचा अंदाज बाहेर पडतो. रेडिओवर वाचतात, शनिवारी पेपरात चौथ्या पानावर येतो, कामांच्या ठिकाणी फळ्यावर लावतात. त्याआधी बायकोलाही काही कळायचं नाही. एका गुरुवारी मी गच्चीवर अकरा चादरी वाळत टाकत होते, गिऱ्हाइकांच्या, आणि हे शेजारी उभं राहून मला चिमटे काढून देत होते. तासाभरात सर आली. "तुम्हाला माहीत होतं?" म्हटलं. तर म्हणे, "शक्यता होती." मी तेव्हा काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर हे असं सगळं चाललेलं असताना यंदाचा उन्हाळा लागला, आणि सुरुवातीलाच माझी धाकटी बहीण रस्त्यावर पडली.

हिला सगळे धाकटीच म्हणतात, चाळिशी ओलांडली तरी. रस्त्याच्या कामावर आहे ती, डांबर टाकणाऱ्या टोळीत. गरम डांबर-खडी ओतली की फावड्याने सारखी करायची, मागून रोलर येतो. आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जावा. त्या शनिवारी दुपारी अडीच वाजता बोलता बोलता गप्प झाली, फावड्यावर टेकली आणि कोसळली. घाम यायचा थांबला होता, असं बरोबरच्या बायका म्हणाल्या. दवाखान्यात मी पोचले तेव्हा तिच्या काखेत बर्फाच्या पिशव्या होत्या आणि ती मला ओळखत नव्हती. मला! 

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "वाचली. पण एकदा असं झालं की शरीर पुन्हा तेवढं सोसत नाही. आठवडाभर घरी ठेवा. आणि त्यानंतरही दुपारच्या उन्हात पाठवू नका."

आता पाठवू नका म्हणणं सोपं आहे. टोळीत दुपारची सुट्टी एकाला मिळत नाही, मिळाली तर सगळ्यांना मिळते, आणि ती केव्हा मिळते तेही ठरलेलं आहे. आठवड्याच्या अंदाजात "उष्णतेची लाट" हे दोन शब्द आले, की त्या आठवड्यात बारा ते चार काम बंद. नाही आले तर काम चालू. ठेकेदार त्यात स्वतःचं डोकं चालवत नाही, कागद बघतो. आणि ते दोन शब्द लिहायचा कचेरीचा नियम असा, की पेटीतला आकडा सलग दोन दिवस चाळीस किंवा त्यावर गेला पाहिजे आणि पुढेही तसंच राहणार असं वरून आलेल्या नकाशांत दिसलं पाहिजे. नऊ वर्षांत ते शब्द एकदाच आले होते. म्हणजे धाकटी पुढच्या सोमवारी भर दुपारी फावडं घेऊन उभी राहणार की नाही, हे शुक्रवारी माझ्या नवऱ्याच्या हातून ठरणार होतं.

सोमवारी संध्याकाळी तिला आमच्याकडे आणलं. भिंतीला टेकून बसली, रंग उतरलेला, पण जीभ परत जागेवर आली होती. हे कचेरीतून आले तसं तिने विचारलं, "भावोजी, शनिवारी किती होतं?"

"एकोणचाळीस पूर्णांक एक."

"खोटं आहे."

"धाकटे, मी स्वतः बघितलंय."

"तुम्ही पेटीत बघितलंत. मी रस्त्यावर होते. फावड्याच्या दांड्याला फडकं गुंडाळल्याशिवाय हात लावता येत नव्हता. डांबर संध्याकाळी सहापर्यंत चपलेला चिकटत होतं. एकोणचाळीसला नाही चिकटत. सतरा वर्षं डांबरात आहे मी."

"डांबराने तापमान मोजत नाहीत," हे म्हणाले. अगदी मऊ आवाजात म्हणाले, पण म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकटीला झोप लागल्यावर मी यांना स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, "अहो, एका अंशाचाच तर प्रश्न आहे. एकोणचाळीसचे चाळीस लिहा दोन दिवस. कोण बघायला येतंय?"

"मी बघतो ना," म्हणाले.

"माझी बहीण मरेल हो!"

ते पाण्याचा पेला हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "आज मी तुझ्या बहिणीसाठी वाढवून लिहिला, तर उद्या कुणीतरी कमी करून लिहायला सांगेल. मग त्या पेटीचा उपयोग काय?" आणि पाणी न पिताच पेला ठेवून दिला. त्यांनाही लागलं होतं, हे मला दिसत होतं. पण तेव्हा मला त्यांचं काहीही बघायचं नव्हतं.

मंगळवारी सकाळी मी यांच्याशी बोलले नाही. डबा भरला, पण हातात दिला नाही, आणि यांनीही मागितला नाही. बारा वाजेपर्यंत मी इस्त्री फिरवत बसले आणि मनात घोकत बसले की उपाशी राहू देत एक दिवस. साडेबाराला दुकानाचं दार ओढलं आणि डबा घेऊन निघाले. काय करणार, सवय.

कचेरी म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत साहेब जेवत होते. "मागे आहेत," म्हणाले. मी मागच्या दाराने आवारात गेले. ऊन असं की डोळे उघडेनात. कुंपणाबाहेरची सगळी जमीन पिवळी पडलेली, भेगाळलेली. आणि आत, पेटीच्या खाली आणि चारी बाजूंना, हिरवंगार आखूड गवत! हे पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, डोक्याला रुमाल बांधून उभे, आणि बादलीतून तांब्या-तांब्याने त्या गवताला पाणी घालत होते. एक बादली रिकामी होऊन बाजूला पडलेली, दुसरी अर्धी.

"हे काय चाललंय?" मी म्हटलं.

"गवताला पाणी," ते म्हणाले. त्या दिवशी आमच्यात झालेलं हे पहिलं बोलणं.

"हे रोज घालता तुम्ही?"

"उन्हाळ्यात रोज. एक वाजता. सकाळी घाई असते. नाहीतर वाळून जातं सगळं."

"आणि पेटीतला आकडा किती वाजता बघता?"

"अडीच."

मी डबा कुंपणाच्या खांबावर ठेवला. मी काही शिकलेली बाई नाही. पण दिवसभर कोळशाच्या इस्त्रीपाशी उभी असते, आणि दुपारी जीव नकोसा झाला की दुकानाच्या फरशीवर तांब्याभर पाणी मारते. पाच मिनिटांत बरं वाटायला लागतं. हे कुठल्याही बाईला माहीत आहे. मी म्हटलं, "अहो, तुम्ही थर्मामीटरच्या पायाशी पाणी मारून मग ऊन मोजता?"

ते हसले आधी. म्हणजे हसायला सुरुवात केली. "अगं, पुस्तकातच आहे," म्हणाले, "पेटीखालची आणि भोवतालची जमीन आखूड गवताने झाकलेली असावी. नऊ वर्षांपूर्वी तपासणीला आले होते, त्यांनी शेरा मारला होता, गवत नाही म्हणून. तेव्हापासून मी..."

तिथे थांबले. तांब्या हातात तसाच. खाली बघितलं, गवताकडे. मग पेटीकडे. मग बाहेरच्या पिवळ्या जमिनीकडे. तो शेरा त्यांना किती लागला होता ते मला माहीत होतं. तीन रात्री जेवले नव्हते नीट. त्यानंतर दर तपासणीत "आवार उत्तम" असा शेरा मिळत गेला, आणि तपासणी व्हायची थंडीत, तेव्हा बादली कोण कशाला बघतंय. उन्हाळ्यात साहेबही उन्हात बाहेर पडत नाहीत.

रिकामी बादली उलटी करून ते तिच्यावर बसले. मी म्हटलं, "डबा खाऊन घ्या." त्यांनी ऐकलंच नाही. मला वाटलं होतं, मला आनंद होईल. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना त्यांच्या कामात पकडलं होतं. पण ते असे बसलेले बघून मी खांबावरचा डबा काढून त्यांच्यापुढे उघडून ठेवला.

त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने तिथेच मान्य करून अंदाजात हवे ते शब्द टाकले असते. किंवा माझ्यावर ओरडला असता. यांनी तसं काहीच केलं नाही. बायको म्हणते म्हणून कसं मानायचं? मोजायला नको? त्या संध्याकाळी अडगळीच्या खोलीतून जुनी पेटी काढली, एक पाय तुटका होता त्याला फळी ठोकली, आणि कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला, कोरड्या ठणठणीत जमिनीवर उभी केली. तिच्यात सुटं थर्मामीटर लावलं. बुधवारी मुद्दाम रोजच्यासारखं पाणी घातलं. हिरव्या गवतावरची पेटी म्हणाली एकोणचाळीस. कोरड्यातली म्हणाली चाळीस पूर्णांक तीन. गुरुवारी पाणी घातलं नाही. कोरड्यातली चाळीस पूर्णांक पाच, आणि गवतावरची एकदम चाळीस पूर्णांक दोन. मग दोन्ही थर्मामीटरांची अदलाबदल करून बघितली, एखाद्याचंच काही बिघडलेलं असलं तर, म्हणून. नव्हतं बिघडलेलं. बिघडवलं होतं ते फक्त त्या दोन बादल्यांनी.

हे सगळं मला त्यांनी गुरुवारी संध्याकाळी सांगितलं. घरात अंदाज सांगायचा नाही हा नियम मोडला का, तर नाही. आकडे सांगितले फक्त. मी म्हटलं, "मग उद्या?" तर म्हणाले, "उद्या बारा वाजता." अशा माणसाशी संसार केलाय मी.

शुक्रवारी साहेबांपुढे दोन कागद ठेवले. एक अंदाजाचा. दुसरा मुख्य कचेरीला लिहिलेल्या पत्राचा. त्यात होतं की नऊ उन्हाळे माझ्या हातून पेटीखाली पाणी घातलं गेलं, त्यामुळे कमाल तापमान एक ते दीड अंशाने कमी नोंदलं गेलं आहे, तरी या नोंदी सदोष समजाव्यात.

साहेब चांगले आहेत, पण साहेब आहेत. अंदाजावर लगेच सही केली. पत्र वाचून चष्मा काढला. म्हणाले, "यंदा गवत वाळलं, एवढं लिहू. मागचं कशाला उकरून काढताय? तुमच्या हातचं नऊ वर्षांचं काम रद्दीत जाईल."

"ते गेलेलंच आहे," हे म्हणाले, "फक्त अजून कुणाला माहीत नाही."

"माझी पण सही आहे प्रत्येक पानावर."

"पाणी मी घातलंय. तसं स्पष्ट लिहिलंय."

साहेबांनी पत्र ठेवून घेतलं. म्हणाले, कुठल्या कुठल्या दिवशी चाळीसच्या वर गेलं असतं त्याची यादी जोडा, नाहीतर ते लोक परत पाठवतील. तेवढं एक बरं बोलले.

बारा वाजता मी दुकानात रेडिओ लावला. कपडे घ्यायला आलेला शाळेचा मास्तर समोर उभा होता, त्याला हाताने गप्प केलं. "येत्या आठवड्यात आकाश निरभ्र राहील. शनिवारपासून बुधवारपर्यंत बहुतांश भागात उष्णतेची लाट. दुपारी बारा ते चार उन्हात काम करणे टाळावे. गुरुवारनंतर तुरळक ठिकाणी हलक्या सरींची शक्यता." मास्तर म्हणाला, "आलं की नाही तुरळक!" मी इस्त्री बाजूला ठेवली आणि रडले. मास्तर बिचारा कपडे न घेताच गेला.

सोमवारी धाकटी कामावर गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की सकाळ-संध्याकाळ चालेल. पाऊण वाजता घामाघूम होऊन माझ्या दुकानात आली, फरशीवर फतकल मारून बसली आणि म्हणाली, "ताई, सगळी टोळी झाडाखाली घोरतेय. मुकादमसुद्धा." तिला मी गार पाणी दिलं. अर्धं ती प्यायली आणि अर्धं तिने माझ्यावर उडवलं. मला वाटलं, संपलं एकदाचं.

त्याच संध्याकाळी यादी करायला बसलो. हे कचेरीतून रजिस्टरं घेऊन आले होते, नऊ. यांचं अक्षर गिचमिड, म्हणून लिहायला मी. हे एकेक तारीख वाचणार, ज्या दिवशी आकडा एकोणचाळीसच्या आसपास होता आणि पाणी घातलं होतं, ती मी उतरवणार. धाकटी शेजारी भाजी निवडत बसली होती, अधूनमधून यांची टिंगल करत होती. "भावोजी, नऊ वर्षं गवत पोसलंत, एखादी बकरी तरी पाळायची!" हेही हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. आठ रजिस्टरं झाली, सत्तेचाळीस दिवस भरले. मग गेल्या वर्षीचं उघडलं.

"चार तारीख," हे म्हणाले. "पाच. नऊ. दहा. अकरा."

"अकरा?" धाकटी म्हणाली.

"अकरा. बुधवार."

तिने हातातली भाजी परातीत ठेवली. "किती होतं?"

"लिहिलंय एकोणचाळीस पूर्णांक एक. म्हणजे चाळीस पूर्णांक चार धरायला हवं."

"त्या दिवशी आमचा रोलरवाला गेला," धाकटी म्हणाली.

मी लिहायची थांबले. मला ती गोष्ट ठाऊक होती, म्हणजे तिने सांगितलेली होती, पण तारीख कशाला लक्षात राहतेय. बावन्न वर्षांचा माणूस. दुपारी रोलर उभा केला आणि त्याच्याच सावलीत आडवा झाला. तीन वाजता उठवायला गेले तर उठला नाही. दवाखान्यात हृदय लिहिलं. ठेकेदार म्हणाला, आधीपासूनच काहीतरी असणार. त्या आठवड्याचा कागद फळ्यावर लावलेला होता, त्यावर "तापमान सरासरीच्या आसपास" असं होतं.

यांनी रजिस्टर खाली ठेवलं. मग विचारलं, "त्याच्या घरी कोण आहे?"

"बायको आहे. एकटीच असते. पुलापलीकडे."

"रविवारी जाऊन येतो."

"कशाला?" मी ओरडलेच. "काय सांगणार तिला? वर्ष झालं. बाई कशीबशी सावरली असेल. आणि तुमच्यामुळेच गेला कशावरून? हृदयच असेल. उद्या तिने आरडाओरडा केला, चार माणसं कचेरीवर आणली, मग?"

"आणू दे," हे म्हणाले.

मला त्यांचा राग आला आणि भीतीही वाटली. मी धाकटीकडे बघितलं, ती तरी माझ्या बाजूने बोलेल म्हणून. ती म्हणाली, "मी येते बरोबर. तुम्हाला घर सापडणार नाही." मग मीही निघाले. या दोघांना एकटं सोडून मी घरी काय करणार होते?

रविवारी सकाळी गेलो. वरच्या मजल्यावरची एक खोली, जिन्याला कठडा नव्हता. ती बाई एका छापखान्यासाठी घरी पानं दुमडायचं काम करते. जमिनीवर छापील कागदांचे ढीग होते, हातात लाकडी पट्टी, आणि ती एकेक कागद दुमडून पट्टीने दाबत होती. धाकटीला बघून हसली. आम्हाला कागद बाजूला सारून जागा करून दिली. धाकटी म्हणाली, "हे माझे भावोजी. हवामानाचा अंदाज लिहितात ते."

हे बसले नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं. पेटी, गवत, बादल्या, एक वाजता, अडीच वाजता. कुठे मखलाशी केली नाही. शेवटी म्हणाले, "त्या आठवड्यात उष्णतेची लाट असं लिहायला हवं होतं. लिहिलं असतं तर त्या दिवशी बारा ते चार काम बंद असतं. मी सरासरीच्या आसपास असं लिहिलं. ते चूक होतं. तुम्हाला हे कळायला हवं, म्हणून आलो."

ती बाई ऐकत होती आणि हात चालू होता. दुमडत होती, दाबत होती. मग हात थांबला.

"किती होतं मग त्या दिवशी?"

"चाळीसच्या वर."

"सकाळी म्हणाले होते मला," ती म्हणाली. "आज जात नाही म्हणाले. अंगात त्राण नाही, आणि ऊन बघ कसं चढलंय आत्तापासून. मी पेपर दाखवला त्यांना. शनिवारचा जपून ठेवायचे मी. म्हटलं, हे बघा, सरासरीच्या आसपास. ऊन काय तुमच्या एकट्यावर जास्त पडतंय का? सोंगं करता म्हटलं. लाजले आणि गेले." तिने पट्टी खाली ठेवली. "हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. वर्ष झालं. हिला पण नाही."

धाकटी तिच्याजवळ सरकली. हे म्हणाले, "तुमची चूक नाही त्यात. तुम्ही वाचलंत ते मी लिहिलं होतं."

मला वाटलं, आता ती रडेल, किंवा शिव्या देईल. मी तयारीत होते. तिने यांच्याकडे नीट बघितलं, आणि अगदी साध्या आवाजात, खरोखरच उत्तर हवं असल्यासारखं विचारलं, "मग आता त्यांना कोण सांगणार, की ते सोंग नव्हतं?"

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं. तिने पुढचा कागद ओढला आणि दुमडायला घेतला. कोपरा कोपऱ्यावर बसेना. धाकटीने एक बाजू धरली, मग बसला. आम्ही दोघं निघालो, धाकटी तिथेच थांबली.

घरी आल्यावर यांनी यादी काढली. उरलेल्या तारखा पुऱ्या केल्या, एकंदर अठ्ठावन्न दिवस झाले. उजवीकडे शेऱ्यासाठी रकाना होता. त्यात पाऊस, वादळ, धुळीचा वारा असलं काही असेल तर लिहितात, बाकीच्या दिवशी तो कोराच राहतो. गेल्या वर्षीच्या अकरा तारखेवर बोट ठेवून हे म्हणाले, "इथे लिही. रस्त्याच्या कामावरचा रोलरचालक या दिवशी दुपारी मरण पावला."

मी म्हटलं, "अहो, हे हवामान नाही. साहेब खोडतील."

"खोडू देत. तू लिही."

मी लिहिलं.